आजीला 'रिलॅक्स व्हा' कसं सांगायचं? (सैलावणे, आळस देणे, मोकळं होणे वगैरे)

ओटीवरची_मैना

नमस्कार मंडळी. हा धागा आरोग्यात टाकावा की भाषेत, कळेना. शेवटी भाषेत टाकला, कारण दुखणं आजीचं असलं तरी अडलंय माझं.

आजी ८१ वर्षांची. उजवा खांदा आखडलाय, पोलक्याची बाही चढवता येत नाही, वेणीपर्यंत हात जात नाही. नाशकात गंगापूर रोडवरच्या एका फिजिओथेरपी केंद्रात एक दिवसाआड नेते. तिथली मुलगी गुणी आहे, हात हलका आहे. फक्त दर दोन मिनिटांनी म्हणते, "आजी, रिलॅक्स. मसल लूज सोडा." आणि 'रिलॅक्स' कानावर पडलं की आजी शाळेत साहेब तपासणीला आल्यासारखी ताठ होते. खांदा थेट कानाला लागतो.

मी मध्ये पडले. म्हटलं, "आजी, हात शिथिल कर." आजी म्हणाली, "शिथिल निर्बंध होतात गं. पेपरात येतं. हात कसा होईल?" मग म्हटलं, "बरं, हात सैल सोड." त्यावर, "हात सैल सोडायला पेन्शन किती येते ते माहितीये ना तुला?" फिजिओवाली मुलगी हसली, आजीही हसली आणि गंमत म्हणजे तेवढ्यापुरता खांदा दोन बोटं खाली आला.

आता त्या मुलीने मला व्यायामाचं एक पान मराठीत करायला दिलंय. आठ व्यायाम, प्रत्येकाच्या शेवटी तेच एक क्रियापद: रिलॅक्स. येणारे बहुतेक पेशंट साठीच्या पुढचे, सिडकोपासून दिंडोरीपर्यंतचे. 'विश्रांती घ्या' लिहिलं तर लोक चहा करायला उठतील. मला विश्रांती नकोय, आवळून धरलेला स्नायू सोडण्याची ती एक क्षणाची क्रिया हवीय. तिला आपल्याकडे क्रियापद काय?

'सैलावणे' सुचतंय, पण 'खांदा सैलावा' लिहून बघितलं तर कवितेची ओळ वाटते. तुमच्या घरी काय म्हणतात?

मिसळ_विदाऊट_तर्री

ढिला सोडा. विषय संपला.

ओटीवरची_मैना

'ढिला' म्हणजे स्क्रू, नाडी आणि सरकारी कारभार. आजीला ढिली म्हटलं तर ती मला घराबाहेर काढेल.

शब्दखोदू

मैनाताई, तुम्हाला 'खांदा सैलावा' खटकलं, त्याला कारण आहे. 'सैलावणे' हे नामाला किंवा विशेषणाला '-आवणे' लागून झालेलं क्रियापद. त्याची भावंडं बघा: थंडावणे, मंदावणे, सुस्तावणे, स्थिरावणे, दुरावणे, सुखावणे, रागावणे. यांत बहुतेक ठिकाणी आपण काही करत नाही, ते आपलं आपण होतं. वारा मंदावतो, पाहुणा स्थिरावतो. कुणाला 'मंदाव' असा हुकूम सोडता येत नाही. 'रागावू नकोस' म्हणता येतं, पण 'आता रागाव' असं फक्त नाटकाच्या तालमीत म्हणतात.

म्हणून 'गप्पा रंगल्या तशी मंडळी सैलावली' हे झकास मराठी, आणि 'मंडळी, सैलावा!' हे विनोदी. आजीचा खांदा दोन बोटं खाली आला ना, तेव्हा तो सैलावला. तुम्ही सांगितलं म्हणून नव्हे, हसू आलं म्हणून.

तुमच्या पानाला हे क्रियापद चालणार नाही. वर्णनाला उत्तम, आज्ञेला निकामी.

मांडवाखालचा

आम्ही निफाडकडचे, द्राक्षवाले. आमच्याकडं हा विषय रोजचा आहे म्हणून लिहितो.

गोडी छाटणी झाल्यावर, ऑक्टोबरपासून पुढं, सगळं काम डोक्याच्या वर. विरळणी घ्या, नाहीतर घड जीएच्या (मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या) पाण्यात बुडवणं घ्या. मांडव माणसाच्या उंचीचा, त्याखाली हात वर, मान वर, दिवसभर. पेठ-सुरगाण्याकडून मजूर येतात, त्यातल्या बाया या कामात एकदम तरबेज. दुपारपर्यंत 'हाताला रग लागते'. दुखतं असं म्हणत नाहीत, रग लागली म्हणतात. मान असेल तर 'धरली'. पोटरीत गोळा येतो. संध्याकाळी सगळं अंग 'आंबतं'. दुखण्याचे शब्द आमच्याकडं पोत्यानं आहेत.

सुटण्याचे तेवढे नाहीत. बाया एकमेकींना म्हणतात, 'दम खा जरा' किंवा 'हात मोकळे कर'. हात मोकळे करणं म्हणजे खाली सोडायचे आणि दोनदा झटकायचे. तुमच्या कागदावर 'हात मोकळा करा' लिहा. दिंडोरीचा माणूस बरोबर करेल.

आणि एक, 'दम खा' म्हणजे थांब, 'दम धर' म्हणजे वाट बघ, 'दम दे' म्हणजे घाबरव. एकच दम. बाहेरच्याला मराठी शिकवताना इथंच त्याचा दम निघतो.

आळसमहर्षी

माझ्या आवडीचा धागा. पायावर पाय टाकून वाचतोय.

मला लहानपणापासून पडलेलं कोडं: आपण आळस 'देतो' कुणाला? आळस करणारा वेगळा, आळस देणारा वेगळा. आळस देणारा खरं तर आळस झटकत असतो. तरी नाव मात्र आळसाचंच. आळोखेपिळोखेही देतो. जांभई देतो. मिसळ झाल्यावर ढेकर देतो. दुपारी ताणून देतो. एवढं दानशूर शरीर दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं वाटत नाही.

ओटीवरची_मैना

अरे, हे भारी आहे. आणि यातली प्रत्येक गोष्ट आधी 'येते'. आळस येतो, जांभई येते, ढेकर येतो. आलेलं आपण देऊन टाकतो. उचकी मात्र 'लागते' आणि ठसकाही लागतो. त्या कुणाला देता येत नाहीत. शिंकेलाही देणं नाही, तिला थेट 'शिंकणे'. म्हणजे जिच्यात आपला थोडा तरी हात असतो तीच गोष्ट आपण देतो का? जांभई दाबता येते, लांबवता येते, मोठा आवाज करून देता येते (आमचे काका देतात, शेजारचा कुत्रा भुंकतो). उचकीचं तसं नाही.

मिसळ_विदाऊट_तर्री

आणि पोटातला वारा? तो 'सरतो'. ना देणं ना घेणं.

शब्दखोदू

मिसळराव, विषय सोडू नका. (सोडलात तर खिडकी उघडा.)

मैनाताई, तुमचा नियम देखणा आहे, पण 'आचके देणे' चं काय? मरताना माणूस आचके देतो. त्यात त्याचा काय हात? गाडीही गचके देते, खोंड हिसके देतं. मला वाटतं, इथे 'देणे' म्हणजे आतली हालचाल बाहेर फेकणं, एवढंच असावं. ताब्याचा संबंध कल म्हणून ठीक, नियम म्हणून नाही.

ओटीवरची_मैना

मान्य. आचक्यांनी माझा नियम मारला.

फक्त_वाचनमात्र_होतो

बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज खातं उघडलं. तोफखान्यात होतो, आता देवळाली कॅम्पातच स्थायिक. आज्ञेचा विषय निघाला म्हणून.

कवायतीत तीन हुकूम असतात: सावधान, विश्राम, आराम से. बाहेरच्यांना वाटतं विश्राम म्हणजे सुटलो. अजिबात नाही. विश्राममध्ये पाय फाकवलेले, हात मागे, पण हलायचं नाही. 'आराम से' म्हटल्यावर डोकं, हात, धड हलवता येतं, पाय मात्र जागचे हलवायचे नाहीत. म्हणजे सैल व्हायचा हुकूम फौजेत आहे, आणि त्यालाही मर्यादा आहे!

नवीन पोरांना 'आराम से' मिळालं तरी खांदे वरच असायचे. आमचे एक उस्ताद हुकूम द्यायचे आणि वर एखादी फालतू थट्टा करायचे. मग रांगेतून एक 'हुश्श' ऐकू यायचं. तुमच्या आजींचं वाचून ते आठवलं.

शब्दखोदू

स्वागत, साहेब! पहिल्याच प्रतिसादात ठेवा दिलात. 'विश्राम' हाच शब्द मराठीच्या तोंडात घासून 'विसावा' झाला. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव, कोमलचं कोवळं, त्याच वाटेनं. एकाच घरातले दोघे. एक फौजेत गेला आणि ताठ राहिला, दुसरा वारीत गेला.

निवांत_नाशिकरोड

विसावा म्हटलं की आमच्या गावाकडे आणखी एक जागा. अंत्ययात्रा नेताना वाटेत तिरडी खाली ठेवतात, खांदेकरी बदलतात, ती विसाव्याची जागा. विसावा कुणाला, उचलणाऱ्यांना की गेलेल्याला, हे लहानपणी विचारलं होतं. थोबाडीत बसली.

बाकी धाग्यासाठी: मी बरीच वर्षं रोज पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन-येऊन नोकरी केली. एका दिशेला जवळपास १९० किलोमीटर. बसून बसून माणूस 'अवघडतो'. घाट उतरेपर्यंत पाठ बाकाच्या आकाराची झालेली असायची. आम्ही दारापर्यंत चक्कर मारायचो, त्याला 'पाय मोकळे करणे'. आता निवृत्तीनंतर कृषीनगरच्या ट्रॅकवर जातो तेही बायकोच्या भाषेत 'पाय मोकळे करायला'. गाडीतले पाय खरंच अडकलेले होते. ट्रॅकवरचे मुळातच मोकळे असतात.

कांचनबारी

निवांत यांनी 'अवघडणे' काढलं, तिथेच उत्तर आहे असं मला वाटतं.

माणूस अवघडतो, म्हणजे अंग एका स्थितीत अडकतं. पण चारचौघांत नको तो विषय निघाला तरी 'अवघडल्यासारखं' होतं. आणि दिवस भरत आलेल्या बाईला 'अवघडलेली' म्हणतात. तिन्ही ठिकाणी सुटकेचा शब्द एकच आहे. बसून अवघडलेला पाय मोकळा करतात. मनात अडलेलं बोलून मन मोकळं करतात. आणि अवघडलेली बाळंत झाली की सासू फोनवर सांगते, 'मोकळी झाली हो, मुलगी झाली'. मी स्वतः दोनदा मोकळी झालेय. त्या शब्दात किती अर्थ आहे ते प्रसूतीच्या टेबलावर कळतं. तिथली नर्स मात्र 'ताई, अंग सोडा, अंग सोडा' म्हणत होती, आणि मला कळेना सोडू म्हणजे नक्की काय करू. शेवटी एक मावशी आल्या, पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, 'तोंड मिटू नको, हूं कर मोठ्यानं.' जबडा सुटला तसं बाकीचं सुटलं.

तर माझं मत मांडवाखालच्यांना: मोकळा करा.

आळसमहर्षी

'मोकळं होणे' ला एक अडचण आहे. ते कशालाही लागतं. सांगून मोकळा झाला, देऊन मोकळी झाली, खाऊन मोकळे झाले. 'व्यायाम करून मोकळे व्हा' असं वाचून माझ्यासारखा माणूस कागद खिशात घालून मोकळा होईल.

डॉ_घाटावरचे

स्नायूंबद्दल थोडं लिहितो, म्हणजे शब्द निवडायला मदत होईल.

आपला समज असा की आवळायला जोर लागतो आणि सुटणं फुकट असतं. तसं नाही. स्नायू आखडतो तेव्हा आत मायोसिनचे तंतू ऍक्टिनला पकडून ओढतात. ती पकड सुटायलाही एटीपी, म्हणजे शरीराचं इंधन, लागतं. आखडायचा इशारा देणारं कॅल्शियम परत कप्प्यात भरायलाही तेच. माणूस गेल्यावर काही तासांत शरीर ताठ होतं त्याचं कारण हेच: इंधन संपलं, पकड सोडवायला कुणी नाही. म्हणजे सैल होणं हे जिवंतपणाचं काम आहे. मघाच्या विसाव्याच्या प्रतिसादावरून आठवलं.

दुसरं, 'सैल सोडा' म्हटल्यावर लोक आणखी आवळतात हे आम्ही रोज बघतो. आपण आवळून बसलोय हेच त्यांना जाणवत नसतं. अमेरिकेत एडमंड जेकबसन नावाच्या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत यावर पद्धत बसवली, १९२९ साली ती पुस्तकरूपाने आली. सोपी आहे: आधी मुद्दाम आवळा, तो ताण ओळखा, मग सोडा. दोन्हीतला फरक अंगाला कळला की सोडणं जमतं. आळोखेपिळोखे देताना आपण हेच न शिकता करतो. मांजर दिवसातून पंधरा वेळा करतं, त्याची फी घेत नाही.

महत्त्वाचं: आखडलेल्या खांद्याला आळस द्यायला लावून हात डोक्यावर ओढू नका. दुखेल त्याच्या अलीकडे थांबायचं, आणि किती ते तिथली फिजिओथेरपिस्टच ठरवेल. भाषेचा धागा आहे, पण आजी खरी आहे.

ओटीवरची_मैना

डॉक्टर, धन्यवाद. हात ओढणार नाही. गंमत अशी की आजीला डाव्या बाजूने आळस द्यायला सांगितलं, उजवा मांडीवर ठेवून, तर तिने असा काही दिला की डोळ्यांत पाणी आलं तिच्या. म्हणाली, 'हे सांगायला एवढी फी?' मग तिनेच सांगितलं की तिच्या माहेरी पोरींना आळस द्यायची चोरी होती. जेवताना नाही, पाहुण्यांसमोर नाही, तिन्हीसांजेला तर मुळीच नाही, अवदसा येते म्हणून. जांभई आली तर तोंडापुढे चुटकी वाजवायची. आळस द्यायचा तो चुलीपाशी, एकटीनं. 'सासरी आल्यावर तेही बंद झालं, तिथं चुलीपाशी सासू असायची.' ८१ व्या वर्षी पहिल्यांदा डॉक्टरांच्या परवानगीने आळस देतेय.

शब्दखोदू

आणि आयुर्वेद काय म्हणतो बघा. वाग्भटाने जे तेरा वेग अडवू नयेत म्हणून सांगितलेत त्यात जृंभा आहे, म्हणजे आपली जांभई. आणि श्रमश्वास, म्हणजे दमल्यावर येणारा धापांचा श्वास. आपलं 'हाश्शहुश्श' तेच. जांभई दाबून ठेवणाऱ्या सुनांची बाजू शास्त्राने कधीच घेतली होती, घरापर्यंत पोचली नाही इतकंच.

त्र्यंबक_फेरीवाला

योगाच्या वर्गात आमचे सर 'प्रयत्नशैथिल्य' म्हणतात. पतंजलींचं सूत्र आहे, दुसऱ्या पादातलं ४७ वं. आसन कसं साधतं? तर प्रयत्न शिथिल केल्यानं. आधीच्या सूत्रात आसन स्थिर आणि सुखाचं असावं म्हटलंय, लगेच पुढे हे. मी पहिले सहा महिने प्रयत्न शिथिल करायचा जोरदार प्रयत्न करत होतो. शवासनात सर म्हणाले, 'तुमची भुवई बघा.' डोळे मिटून भुवई कशी बघू? पण त्यांनी म्हटल्यावर कळलं की ती आवळलेली होती.

पुढे इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यनेला बसलो. तिथे तासभर हलायचं नाही अशी बैठक असते. आळस देणं तर दूरच. चौथ्या-पाचव्या दिवशी गुडघा आपोआप सुटला. मी काही केलं नव्हतं. त्याला काय म्हणू? शब्दखोदूंचं 'सैलावला' तिथे चपखल बसतं.

मिसळ_विदाऊट_तर्री

कागदावर 'प्रयत्नशैथिल्य करा' छापा. आजी थेट समाधीत.

लंगोट_पक्का

तालमीतलं कुणी लिहीना म्हणून लिहितो. लाल मातीत लहानपण गेलं. बैठका मारल्यावर वस्ताद ओरडायचे, 'मांड्या झाड!' बसून मांडी हातानं हलवायची, मांस लुदलुद हललं पाहिजे. नाही हललं तर अजून अंग धरून आहे. जोर झाले की हात लोंबते ठेवून झटकायचे. शब्द 'झाडणे' आणि 'झटकणे'. सैल वगैरे आम्ही कधी ऐकलं नाही. सैल पडला तो पैलवान चितपट झाला. तालमीत 'पाठ टेकली' हीही वाईट बातमी असते, घरी तीच चांगली.

कांचनबारी

लंगोट, पाठ टेकण्याचं खरंय. दिवसभरात आमच्या घरी पहिलं वाक्य हेच असतं: 'सकाळपासून पाठ टेकली नाही.'

आणि बोटं मोडणं? तेही अंग मोकळं करणंच की. टायपिंग करून झालं की मी कडाकडा दहाही मोडते. पण मराठीत कुणाच्या नावानं बोटं मोडली तर शिव्याशाप. आणि बाळाला ओवाळून कानशिलावर मोडली तर दृष्ट उतरते. तेच हात, तोच आवाज.

निवांत_नाशिकरोड

बोटं मोडल्यानं संधिवात होतो ना?

डॉ_घाटावरचे

नाही. सांध्यातल्या द्रवात वायूचा फुगा होण्याशी त्या आवाजाचा संबंध आहे, म्हणून एकदा मोडल्यावर वीसेक मिनिटं तेच बोट पुन्हा वाजत नाही. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी आईचं म्हणणं तपासायला सुमारे साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही. दोन्ही हात सारखेच राहिले. २००९ मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं. एका माणसाचा प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे, पण चिकाटी बघा.

आळसमहर्षी

साठ वर्षं आईच्या नावानं बोटं मोडली म्हणा की.

लंगोट_पक्का

मैनाताई, तुमचं ठरलं का काय ते? झाडा, मोकळा करा, सैल सोडा, तीन झाले. इथं लोक संस्कृतात शिरले.

शब्दखोदू

संस्कृताशिवाय तुमचं 'झाडा' म्हणजे केर.

लंगोट_पक्का

आणि तुमचं 'सैलावणे' म्हणजे केर झाडून झाल्यावर कॉटवर पडणे. व्यायामाचा कागद आहे, कवितासंग्रह नाही.

शब्दखोदू

मी पहिल्याच प्रतिसादात ते पानाला चालणार नाही असं लिहिलंय. वाचायचे कष्ट घ्या.

फक्त_वाचनमात्र_होतो

जाऊ द्या हो, दोघेही. खांदे खाली.

ओटीवरची_मैना

थांबा. जाऊ द्या!

मी इतके दिवस 'कर', 'सोड', 'हो' यांतच अडकले होते. 'होऊ दे' लक्षातच आलं नाही. 'खांदा खाली येऊ द्या.' 'हात जड होऊ द्या.' 'श्वास जाऊ द्या.' यात आजीला काही करायचं नाही, फक्त आड यायचं नाही. आणि शब्दखोदूंचं जे क्रियापद हुकमाला निकामी होतं तेही यात बसतं: खांदा सैलावू द्या. आळसमहर्षी, तुमचं देणं परत आलं बघा, दुसऱ्या दारानं.

शब्दखोदू

बसतंय. अगदी बसतंय. फक्त 'सैलावू द्या' पेक्षा 'खाली येऊ द्या' घ्या, जिभेला सोपं आहे. (लंगोटराव, चुकलं. झाडणे चांगला शब्द आहे.)

लंगोट_पक्का

जाऊ द्या. 😀

मांडवाखालचा

चांगलं आहे, पण नुसतं 'येऊ द्या' म्हटलं तर म्हातारी माणसं वाट बघत बसतील. आधी कुठून खाली ते सांगा. आमच्या बायांना 'पाटी उतरव' म्हटलं की खांदा आपोआप पडतो. डोक्यावरची पाटी सगळ्यांच्या अंगाला माहिती आहे.

ओटीवरची_मैना

चार दिवसांनी धागा वर काढतेय. पान झालं. फिजिओवालीला दाखवलं, तिने दोन ठिकाणी आकडे बदलले, बाकी ठेवलं. तिसरा व्यायाम असा लिहिलाय:

'खुर्चीत बसा. दोन्ही खांदे कानांकडे उचला, पाच अंक मोजा. आता डोक्यावरची पाटी उतरवून ठेवली असं समजा आणि खांदे खाली येऊ द्या. हूं म्हणत श्वास सोडा. जबडा मिटलेला नको. दुखलं तर तिथंच थांबा.'

'हूं' कांचनबारीच्या मावशींचा, पाटी मांडवाखालच्यांची, आधी उचलून मग सोडणं डॉक्टरांच्या जेकबसनचं. 'रिलॅक्स' आठच्या आठ ठिकाणांहून उडवलं. मात्र सगळीकडे एकच शब्द नाही जमला. हाताला 'मोकळा करून झटका', मानेला 'सैल सोडा', खांद्याला 'येऊ द्या'. अवयव बदलला की क्रियापद बदलतं. हे अनुवादकाचं अपयश की मराठीचा स्वभाव, ते शब्दखोदू सांगतील.

कांचनबारी

आजींना वाचून दाखवलंत का?

ओटीवरची_मैना

दाखवलं. काल रात्री फिजिओने सांगितलंय तसं कोमट तेल लावून खांदा हलक्या हातानं चोळत होते, तेव्हाच वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होती. पाटीपाशी आले तर म्हणाली, 'उद्या पोळा आहे का गं?' मला कळेना. म्हटलं, नाही, का? तर म्हणाली, 'खांदेमळणी चाललीय म्हणून विचारलं. आमच्या वडलांकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे असेच तूप-हळदीनं मळायचे. वर्षभर जू ओढलेलं असायचं ना. पवळ्या मान खाली टाकायचा, डोळे असे अर्धे मिटायचा.' आणि मग ती पवळ्याबद्दल बोलत राहिली, तो कुठल्या बाजारातून आणला, त्याला कोण विकायला निघालं, तिनं दोन दिवस जेवण कसं टाकलं. उजवा हात मांडीवर पालथा पडलेला होता. खांदा कुठे आहे हे बघायचं माझ्या लक्षात आलं तोवर ती झोपली होती.

मांडवाखालचा

आमच्याकडं अजून करतात खांदेमळणी. बैल एकच जोडी राहिली, तरी करतात. मळून झालं की बैल अंगावरची कातडी थरथरवतो, बघितलंय का कुणी? त्याला शब्द काय?

शब्दखोदू

आम्ही 'शहारतो' म्हणायचो. पण नवीन धागा काढा राव, हा दुसऱ्या पानावर गेला.